रंग बसू द्या

ज्या वर्षी रंगाऱ्याच्या एकुलत्या एका लेकीचे लग्न झाले, त्याच वर्षी जावयाची बदली झाली आणि जावयाचा मासा सासऱ्याच्या गळ्यात पडला.

मासा नंतर यायचा होता. आधी त्याचे घर आले. चार हमालांनी शिव्या देत काचेची टाकी जिना चढवून आणली. तिच्यामागून पंप आला, दिवा आला, मिठाचे पोते आले आणि ओल्या दगडांनी भरलेला एक टब आला. बाहेरच्या खोलीतले कपाट हलवून टाकीला जागा केली. कपाटाला दुसरी जागा नव्हती, म्हणून ते पलंगाला खेटून उभे राहिले आणि त्या दिवसापासून रंगाऱ्याच्या बायकोला पलंगावर पायाकडून चढावे लागले. तिच्या रागाची सुरुवात तिथे झाली.

जावई चष्मेवाला आणि मऊ बोलणारा होता. त्याने दगड रचले, मीठ विरघळवले, पंप चालू केला आणि हात पुसत सासऱ्यासमोर बसला.

"राणी कॉलेजपासून आहे माझ्याकडे, बाबा. नखाएवढी होती तेव्हा. नव्या गावी कंपनीनं दिलेली खोली म्हणजे नुसती काडेपेटी आहे. टाकी मावणार नाही. म्हणून तुम्हाला त्रास."

"त्रास कसला, जावईबापू. खाईल काय ते सांगा."

"खाण्याचं नाही हो. पाण्याचं आहे. खाऱ्या पाण्यात अमोनिया झाला की दिसत नाही, मासा मात्र आतून भाजून निघतो. तुम्ही टेस्ट किट आणा. रोज पाणी तपासा. आठवडाभर चांगलं निघालं की मला कळवा, मग मी तिला घेऊन येतो."

"किट म्हणजे काय असतं?" रंगाऱ्याच्या बायकोने विचारले.

"सोपं आहे, आई. पाण्यात थेंब टाकायचे. पाण्याला रंग येतो. तो रंग कार्डावरच्या रंगांशी जुळवायचा. पिवळा आला तर चांगलं, हिरवा आला तर वाईट."

रंगारी आतापर्यंत भिंतीला टेकून बसला होता. तो सरळ झाला.

"रंग जुळवायचा?" तो म्हणाला. "मग आधीच सांगायचं की. रंगाचं मला शिकवू नका."

त्याने सगळा जन्म लोकांच्या भिंती रंगवण्यात घालवला होता. हात थकले म्हणून काम सुटले, पण डोळा सुटला नव्हता. बसमध्ये बसला तरी समोरच्याच्या सदऱ्यात निळ्यात किती काळे पडले आहे हे तो शेजारच्याला सांगायचा. शेजारी उठून उभा राहायचा.

जावई गेल्यावर बायकोने त्याला आत बोलावले.

"नीट ऐका. त्या माशाला या घरात काही झालं, तर पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. नवं लग्न आहे. तो मऊ बोलतो, पण मऊ माणसं विसरत नाहीत. पोरीच्या संसाराशी गाठ आहे, एवढं ध्यानात ठेवा."

रंगाऱ्याने ध्यानात ठेवले. लेकीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, एवढं मनाला नका हो लावून घेऊ. शेवटी मासाच आहे."

फोन ठेवून रंगारी बायकोला म्हणाला, "बघ, किती धीराची पोर आहे. आतून थरथरत असेल."

दुसऱ्या दिवशी तो टाकीवाल्याच्या दुकानात गेला. दुकान अरुंद होते. दोन्ही बाजूंना टाक्या बुडबुडत होत्या आणि मधल्या फळीवर किटांची खोकी होती. टाकीवाला जाडजूड होता आणि एका टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभा होता.

"नवीन आहात ना, काका? मग ऐका. या पट्ट्या. बुडवायची आणि बघायचं. झटपट होतं, पण अंदाजपंचे. हे थेंबांचं किट. थोडा वेळ लागतो, पण भरवशाचं. नवशिक्यानं थेंबांचंच घ्यावं. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच, एवढं तपासलं तरी पुष्कळ झालं."

"कार्ड दाखवा."

"आत आहे, काका. सगळ्यांत असतं."

रंगाऱ्याने एकेक खोके उघडले, आतले कार्ड काढले आणि दुकानाच्या दारात उजेडात जाऊन उभा राहिला. मग दुसरे, मग तिसरे. टाकीवाल्याने टाकीतून हात काढला.

"हा पिवळा आहे?" रंगारी म्हणाला. "ह्याला पिवळा म्हणतात? हा धुतलेल्या बनियनचा रंग आहे. आणि हे बघा, या दोन हिरव्यांत फरकच नाही. शाई पसरलीय."

"काका, त्या कार्डानं घर नाही रंगवायचं."

"ज्याला कार्ड धड छापता येत नाही, तो थेंब काय धड बनवणार?"

टाकीवाल्याने हात पुन्हा टाकीत घातला. शेवटी रंगाऱ्याला एक कार्ड पसंत पडले. लिंबापासून शेवाळापर्यंत प्रत्येक रंग आपापल्या जागी, कडा स्वच्छ, कागद जाड. ते किट घेऊन तो घरी आला.

घरी मेहुणा येऊन बसला होता. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. पोस्टातून निवृत्त झालेला. नोकरीभर त्याने पाकिटांवर शिक्के मारले होते, म्हणून त्याला सगळे शिक्केमामा म्हणत. पुढच्याच गल्लीत राहायचा आणि रोज चहाला यायचा. त्याने खोके हातात घेऊन फिरवले.

"भाऊजी, ह्याच्यावर गोड्या पाण्यासाठी असं लिहिलंय."

रंगाऱ्याने खोके हिसकावून घेतले. लिहिलेलेच होते. तो तसाच उलट्या पावली दुकानात गेला.

"विकलंस कसं हे मला? खाऱ्या पाण्याला गोड्याचं किट?"

"तुम्ही विचारलंत कुठं, काका? तुम्ही म्हणालात छपाई चांगली आहे. मी म्हटलं, आहे."

पुढे जे बोलणे झाले त्यात टाकीवाल्याच्या वडिलांचाही उल्लेख आला. अखेर खाऱ्या पाण्याचे किट मिळाले. त्याचे कार्ड रंगाऱ्याच्या मते भिकार होते. पण मासा जावयाचा होता आणि संसार लेकीचा, म्हणून त्याने दातओठ खाऊन ते घेतले.

आता रंगाऱ्याच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. ओला रंग खोटा असतो. भिंतीवर मारताना एक दिसतो आणि सुकल्यावर दुसराच. म्हणून जाणता रंगारी मालकाला ओली भिंत कधी दाखवत नाही. कोपऱ्यात वीतभर पट्टा मारतो आणि म्हणतो, उद्या या. ओल्यात हो म्हणणारा मालक सुकल्यावर शिव्या देतो, हे या रंगाऱ्याने तरुणपणी एकदा भोगले होते. तेव्हापासून त्याने ओल्या रंगाकडे पाहून कधी मत दिले नाही.

त्याने बाटलीत टाकीतले पाणी घेतले, थेंब मोजून टाकले, बाटली हलवली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून दिली. खोक्यात घडी केलेला सूचनांचा कागद होता. तो त्याने कार्डाखाली टेकण म्हणून लावला. मग जेवला, झोपला, उठून चहा घेतला आणि उन्हे कलल्यावर बाटली हातात घेतली.

पाणी गर्द हिरवे झाले होते.

"विष," रंगारी म्हणाला. "शुद्ध विष आहे हे."

शिक्केमामाचा स्वभाव उलटा होता. पोस्टात पाकीट पुढे आले की शिक्का, पाकीट पुढे आले की शिक्का. थांबलेला हात म्हणजे मागे रांग. त्याने दुसऱ्या बाटलीत पाणी घेतले, थेंब टाकले आणि थेंब पुरते विरघळायच्या आत म्हणाला, "पिवळं. चोख आहे पाणी. बोलवा जावयाला."

"डोळ्यांत फूल पडलंय का तुझ्या?"

"माझ्या डोळ्यांचं सोडा. समोर पिवळं दिसतंय ते बघा."

"ओलं आहे ते."

"पाणी आहे, भाऊजी. ओलंच असणार."

"बसू दे रंग. मग बोल."

"तुमचा रंग बसेपर्यंत माणूस उठायचा."

रंगाऱ्याने त्याचा अर्धा चहा मोरीत ओतला. शिक्केमामा चपला घालून निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो चहाला आला, कारण तो रोज यायचा, आणि भांडण आदल्या दिवशी जिथे थांबले होते तिथून सुरू झाले.

पाणी विषारी म्हणून रंगाऱ्याने निम्मे पाणी बदलले. संध्याकाळी पुन्हा हिरवे. पुन्हा बदलले. पुन्हा हिरवे. बादल्यांतून सांडलेले खारे पाणी फरशीवर वाळून पांढरे झाले आणि घरात चालताना पायाखाली करकर वाजू लागले. पहिले किट खोटे असेल म्हणून त्याने दुसऱ्या कंपनीचे आणले. तेही हिरवे. मग तिसरे. मग पट्ट्या आणल्या. पट्ट्या तर ओल्या असताना वाचायच्या नाहीत हे त्याला उघडच वाटले. त्याने त्या बुडवल्या आणि चिमटे लावून गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातल्या. बायको कपडे वाळत घालायला आली तेव्हा दोरीवर जागा नव्हती.

"हे काय आहे?"

"हात लावू नकोस. सुकताहेत."

"चादरी कुठं घालू?"

"चादर मोठी का पोरीचा संसार मोठा?"

"संसार मोठा. पण माझ्या खिडकीत बाटल्या, माझ्या दोरीवर कागद, माझ्या पायाखाली मीठ, आणि झोपायला जायचं तर कपाटाला प्रदक्षिणा. मासा अजून आलाही नाही. आला की मला टाकीत राहायला सांगाल."

पट्ट्या सुकल्या तेव्हा त्यांच्यावरचे पाचही चौकोन एकाच मळकट रंगाचे झाले होते. तो रंग कुठल्याच कार्डावर नव्हता. रंगारी हे पाहून खरोखर घाबरला. विषाच्याही पलीकडचे काहीतरी त्याच्या बाहेरच्या खोलीत तयार होत होते.

इकडे जावयाचा फोन येई. "कसं आहे पाणी, बाबा?" रंगारी म्हणे, "येतंय, येतंय." बदलीचा दिवस जवळ येत होता. रंगाऱ्याला जेवण जाईना. लेकीला आयुष्यभर ऐकावे लागणारी वाक्ये त्याला आत्ताच ऐकू येऊ लागली होती.

आणि मग शिक्केमामा टोचून बोलला. "पाणी बदलून बदलून पुन्हा विषच येतंय म्हणता. मग विष नळातूनच येत असेल."

तो टोमणा होता. पण रंगाऱ्याने त्याच्याकडे बराच वेळ बघितले, उठला आणि नळाखाली बाटली धरली. थेंब टाकले. खिडकीत ठेवली. संध्याकाळी नळाचे पाणी पोपटी झाले होते.

"इतकी वर्षं," रंगारी म्हणाला, "आपण हे पितोय."

तो बाटली घेऊन बाहेर पडला. शेजारच्या दाराची घंटा वाजवली, मग समोरच्या, मग वरच्या मजल्याची. प्रत्येक दारात त्याने पोपटी बाटली आणि कार्ड शेजारी शेजारी धरले. बोलायची फारशी गरज पडली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचे पोट सकाळपासून दुखत होते. त्या म्हणाल्या, "म्हणूनच." टक्कल पडलेल्या शिक्षकाने डोक्यावरून हात फिरवला आणि तोही म्हणाला, "म्हणूनच." एका घरातला मुलगा परीक्षेत दोनदा नापास झाला होता. त्याच्या आईने बाटलीकडे पाहिले आणि तिच्या जिवावरचे मोठे ओझे उतरले.

तासाभरात सगळी इमारत सेक्रेटरीच्या दारात उभी होती. सेक्रेटरी तळमजल्यावर राहायचा. त्याचा आवाज मोठा होता आणि काम थोडे.

"गच्चीवरची टाकी मागच्याच महिन्यात धुतलीय," तो म्हणाला.

"कुणी बघितली?"

"मी स्वतः उभा होतो."

"तुम्ही खालीच उभे होतात. वर चढताना तुम्हाला कुणी बघितलंय कधी?"

"आधी मला सांगा, हे खूळ काढलं कुणी?"

सगळ्यांनी रंगाऱ्याकडे बोट केले. रंगारी बाटली घेऊन पुढे आला. सेक्रेटरीने ती हातात घेतली, उजेडात धरली, आणि त्याचाही चेहरा पडला. कारण रंग तर दिसत होता. त्याने आत जाऊन आपल्या हातातला चहाचा कप बेसिनमध्ये ओतला. ते खिडकीतून सगळ्यांनी पाहिले. मग कोण थांबतो. लोक विकतचे पाणी आणायला धावले. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या आजोबांनी खाली यायला नको म्हणून पाणीच पिणे सोडले आणि त्यांच्या सुनेने त्याचे खापर सेक्रेटरीवर फोडले. सेक्रेटरीने पाणीखात्याला फोन केला आणि फोनवरच भांडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणीखात्याचा माणूस आला. त्याला आधीच राग आला होता, कारण फोनवरच्या शिव्या त्यानेच खाल्ल्या होत्या. इमारतीच्या आवारात सगळे जमले. त्याने पिशवीतून बाटली काढली, आवारातल्या नळाचे पाणी भरले, थेंब टाकले, हलवले आणि घड्याळाकडे बघत उभा राहिला. पाच मिनिटे कुणी हलले नाही. मग त्याने बाटली वर धरली. पाणी पिवळे होते.

"पाणी चांगलं आहे," तो म्हणाला आणि बाटली ओतायला वाकला.

"अहो, थांबा," रंगारी म्हणाला. "ओतू नका. रंग बसू द्या."

"काय बसू द्या?"

"रंग. ओल्यात वाचू नये. सगळं आयुष्य गेलंय माझं रंगात. आत्ता पिवळा दिसतोय, तो खरा नव्हे. संध्याकाळी बघा."

"संध्याकाळी?"

"सकाळी टाकलं की संध्याकाळी बघायचं. तोवर सुकतो आणि खरा उतरतो."

पाणीखात्याचा माणूस सरळ उभा राहिला. त्याने रंगाऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले.

"काका, हे पाणी आहे. हे सुकलं की बाटली रिकामी होते." मग तो हळू, एकेक शब्द सुटा करून बोलला. "पाच मिनिटांनी बघायचं. पाच. तास गेले की थेंब आपोआप हिरवे पडतात. अमृत भरून ठेवलंत तरी संध्याकाळी हिरवं दिसेल. कागदावर लिहिलेलं असतं."

आवारात कुणी हसले नाही. लोक फार चिडलेले होते. विकतच्या पाण्याच्या बाटल्या अजून कित्येकांच्या हातात होत्या.

"म्हणजे माझं पोट?" तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या.

"ते तुमचं तुम्ही बघा," पाणीखात्याचा माणूस म्हणाला.

परीक्षेत दोनदा नापास झालेल्या मुलाच्या आईने मुलाला मानेला धरून वर नेले. सेक्रेटरी नुसता रंगाऱ्यासमोर येऊन उभा राहिला, त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन थोडा वेळ श्वास घेतला आणि घरात जाऊन दार लावून घेतले. ते सगळ्यांत वाईट होते.

हसला तो एकटा शिक्केमामा. पोट धरून हसला. "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. मी थेंब टाकला की तिथल्या तिथं बघतो. प्रत्येक वेळी पिवळं."

"तिथल्या तिथं?" पाणीखात्याच्या माणसाने विचारले.

"टाकला की बघितला."

"मग तुम्ही काहीच बघितलं नाहीत. रंग यायलाच पाच मिनिटं लागतात. उद्या विहिरीत मेलेलं गाढव असलं तरी तुम्हाला पिवळं दिसेल."

शिक्केमामाचे हसणे तोंडातच राहिले. त्या सगळ्या दिवसात रंगाऱ्याला एवढेच सुख मिळाले.

त्या दिवसापासून इमारतीत रंगाऱ्याला अमोनियाकाका म्हणू लागले. जिन्यात लोक त्याला वाट देत, पण नजर देत नसत. रंगारी घरी आला. बायकोने भिंतीवरचे घड्याळ काढून टाकीसमोर स्टुलावर मांडले, कार्डाखालचा कागद ओढून काढला, त्याची घडी उलगडली आणि नवऱ्याच्या हातात दिला.

"वाचा."

त्याने वाचला. थेंब टाकले. पाच मिनिटे दोघे नवरा-बायको एकमेकांकडे न बघता टाकीसमोर बसून राहिले. पाणी पिवळे निघाले. लख्ख लिंबू पिवळे. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. पाणी बहुधा पहिल्यापासूनच चांगले होते, जावयाच्या जुन्या दगडांत मुरलेल्या जिवाणूंनी ते केव्हाच सांभाळले होते. हे सत्य घरात कुणीही मोठ्याने बोलले नाही. आठवडा भरला तेव्हा रंगाऱ्याने जावयाला फोन केला आणि म्हणाला, "आणा तुमची राणी. पाणी असं केलंय की समुद्रालाही जमणार नाही."

रविवारी लेक-जावई आले. जावयाने झाकणाची बादली दोन्ही हातांनी उराशी धरली होती. लेक मागून बॅगा घेऊन येत होती. मासा तळहाताएवढाही नव्हता. नारिंगी, अंगावर तीन पांढरे पट्टे, आणि तोंडावर असा भाव की बादलीत घातल्याबद्दल कुणालातरी जबाबदार धरले जाणार आहे. जावयाने त्याला हळूहळू टाकीत सोडले. मासा एक चक्कर फिरला, दगडाच्या कपारीसमोर उभा राहिला आणि खोलीकडे बघू लागला.

"तो दगड जरा कलला," रंगारी म्हणाला आणि बाही वर सारून त्याने हात आत घातला.

मासा तीरासारखा आला आणि त्याच्या अंगठ्याला डसला. रंगाऱ्याने हात बाहेर काढला. अंगठ्यावर रक्ताचा बारीक ठिपका आला होता. मासा काचेला तोंड लावून त्याच्याकडे बघत होता, हटत नव्हता.

"ती ओळख करून घेते," जावई कौतुकाने म्हणाला.

"झाली ओळख," रंगाऱ्याची बायको म्हणाली. "एका मुशीतले दिसताहेत दोघं."

ती लेकीला घेऊन आत गेली. थोड्या वेळाने रंगारी अंगठा धरून हळद शोधायला आत निघाला. स्वयंपाकघराच्या दारात तो थांबला, कारण आत लेक आणि तिची आई बोलत होत्या.

"जगेल का गं ती इथं?" लेक विचारत होती.

"न जगायला काय झालं? तुझ्या बाबांनी जिवाचं रान करून पाणी चोख केलंय. पंधरा दिवस तुझ्या काळजीनं जेवले नाहीत धड."

"चोख? बाबांनी?" लेकीचा आवाज पडला. "मग कसं होणार?"

"काय कसं होणार?" रंगारी दारातून म्हणाला.

लेक दचकली. मग तिने ओट्याला पाठ टेकली आणि सांगून टाकले. ती रंगाऱ्याचीच मुलगी होती, तिला जास्त वेळ गप्प बसता येत नसे.

"बाबा, सवत आहे ती माझी. हे घरी आले की आधी तिच्याशी बोलतात. मग मला विचारतात, जेवलीस का. मी काच पुसायला गेले की चावते. हे बघा, अजून वण आहे. फेकून दे म्हणायची सोय नाही. मग बदली झाली. मी म्हटलं, बाबांकडे ठेवू. आपल्या घरात आजवर काय जगलंय? कुंडीतलं रोप जगलं नाही. पोपट जगला नाही. तुम्ही त्याचा पिंजरा रंगवलात आणि तो गेला. म्हटलं, तुमच्याकडे आठ दिवस टिकायची नाही. आणि सासऱ्यांना हे काय बोलणार?"

रंगाऱ्याच्या अंगठ्यातून रक्त यायचे थांबले होते. तरी त्याने अंगठा सोडला नव्हता.

"म्हणजे मासा मरावा म्हणून तू माझ्याकडे दिलास."

"हो."

"माझ्यावर भरवसा ठेवून."

"तुमच्यावरच. मामाकडे देणार होते आधी, पण त्यांच्याकडे जागा नाही."

"काय म्हणालीस?" बाहेरच्या खोलीतून शिक्केमामाचा आवाज आला.

"काही नाही, मामा."

एवढ्या दिवसांत त्याला टाकीवाल्याचा राग आला होता, मेहुण्याचा आला होता, सेक्रेटरीचा आणि सगळ्या इमारतीचा आला होता. ते सगळे राग आता त्याला पोरखेळ वाटले. लेकीला मासा नको होता, हे त्याला लागले नाही. आपल्या हातून तो नक्की मरेल याची तिला एवढी खात्री होती, ते लागले.

तो बाहेर गेला. जावई टाकीसमोर बसून काचेवर बोट फिरवत होता आणि मासा त्या बोटामागून फिरत होता.

"जावईबापू," रंगारी म्हणाला, "निर्धास्त जा. हिला मी म्हातारी करतो."

आणि त्याने तसेच केले. रोज सकाळी घड्याळ लावून पाणी तपासले. रोज एकदा तरी मासा त्याला चावला. चावला की रंगारी त्याला शिव्या देई, आणि शिव्या देऊन झाल्या की खायला घाली. शिक्केमामा चहा पीत बाजूला बसे आणि दोघांचे भांडण बघे. त्याला त्यात कुणाची बाजू घ्यावी हे शेवटपर्यंत ठरवता आले नाही. बदली संपून लेक-जावई परत आले, मोठे घर घेतले, तेव्हा जावई मासा न्यायला आला. रंगारी टाकीसमोर खुर्ची टाकून बसला होता.

"मिळणार नाही," तो म्हणाला.

"पण बाबा, राणी माझी आहे."

"असेल. तिनं माझा अंगठा फोडलाय. आमचं भांडण अजून मिटलेलं नाही. मिटलं की कळवतो."

जावई पुन्हा दोनदा आला. दोन्ही वेळा रंगारी एवढा भांडला की जावई रिकाम्या हाताने घरी गेला आणि दारातूनच बायकोशी बोलत आत शिरला, कारण बोलायला दुसरे कोणी नव्हते. लेकीने त्यावर बापाला कधी काही म्हटले नाही. फक्त येताना ती माशासाठी चांगल्यातले खाणे आणू लागली.

शिक्केमामा आधी गेला, लेकीची मुलगी चालायला लागली त्या उन्हाळ्यात. रंगारी नातीला शाळेत घातले त्या वर्षी, नोव्हेंबरात वारला. मासा फेब्रुवारीत मेला.